खिळ्याचा आवाज

हत्तीकेरीत हत्ती कधी कुणी पाहिला नव्हता. केरी म्हणजे तळं, तेही आटून गेलं होतं आणि त्याच्या तळाशी आता कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या मुक्कामाला थांबत. तरी गावानं आपलं नाव बदललं नव्हतं. कासीम नालबंदाचंही तसंच चाललं होतं. हातात हातोडीपेक्षा बाटली जास्त असायची, तरी लोक त्याला नालबंदच म्हणत होते.

ऐन हंगाम होता. डांबरी रस्त्यावर बैलांच्या पायांतल्या पत्र्या झिजून कागदासारख्या होत आणि उजाडलं की कासीमच्या दारातल्या चिंचेखाली बैल येऊन उभे राहत. बैल दोरानं पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, जुनी पत्री उपसून खूर तासायचा आणि नवी पत्री ठोकायची. कासीमची बायको सायराबानू बाजूला बसून डब्यातला एकेक खिळा नवऱ्याच्या हातात द्यायची. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. त्या सोमवारी मात्र ती डब्यावरच बसली.

घरात दोघं दखनीत बोलत. भांडण मात्र मराठीत करत, शेजाऱ्यांची गैरसोय नको म्हणून.

"डबा द्ये," कासीम म्हणाला.

"शुद्धीवर या, मग देते."

"शुद्धीवरच हाय की मी!"

"मग सांगा, म्होरं बैल किती हायत?"

कासीमनं डोळे बारीक करून पाहिलं. "तीन."

बैल दोन होते. तिसरे सिद्धलिंगप्पा होते. थंडीमुळं त्यांनी डोक्यावरनं घोंगडं घेतलं होतं. ते काही बोलले नाहीत. आपला बैल सोडला, घोंगडं सावरलं आणि निघून गेले. सिद्धलिंगप्पा गप्प राहून जातात, तेव्हा ते गावभर बोलायला जात असतात, हे कासीमला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सायराबानूनं त्याला सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. शुक्रवार पेठ, एका शाळेचा वरचा मजला, रविवारी दुपारी चार. दारू सोडलेली माणसं तिथं जमतात, म्हणाले.

कासीमला यात एक मोठी अडचण दिसली. तो पितो हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणालाच माहीत नव्हतं. मशिदीत जाताना तो तोंडात लवंग धरायचा आणि लवंगेचा वास आला की शेजारचा थोडा सरकून बसायचा. एवढ्यावर दोघांचीही अब्रू राहत होती. सोडायची म्हणजे आधी पितो असं म्हणावं लागणार. त्यातल्या त्यात सोलापुरात आपल्याला ओळखणारं कोण आहे, असा विचार करून तो रविवारच्या एसटीत बसला.

वर्गात तिसरीच्या मुलांचे बाक होते. पंधरा-वीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून त्यांवर बसली होती. भिंतीवर 'रोज दात घासा' असा तक्ता होता. कासीम मागच्या बाकावर अडकून बसला, तेवढ्यात चहाचा ग्लास त्याच्यापुढं आला. त्यानं ग्लास घेतला आणि वर पाहिलं.

ग्लास देणारा मल्लप्पा होता. हत्तीकेरीचा. कासीमच्या घरापासून सातवं घर.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"साकर कमी हाय का बग," मल्लप्पा म्हणाला आणि पुढच्या बाकाकडं गेला.

मल्लप्पा दर रविवारी सोलापूरला जातो हे गावाला माहीत होतं. त्यानं तिथं बाई ठेवलीय, असं गावाचं ठाम मत होतं. दोन वर्षांत तो एकदाही पिऊन आला नव्हता, पण त्यामुळं कुणाचं मत बदललं नव्हतं. उलट, बाई कडक आहे असं लोक म्हणत. कासीमही म्हणत असे.

मीटिंग सुरू झाली. चष्मा लावलेले एक निवृत्त मास्तर उभे राहिले. "माझं नाव राजशेखर. मी मद्यपी."

"नमस्कार, राजशेखर!" सगळे म्हणाले.

मग एक रिक्षावाला उठला. "माझं नाव नंदीश. मी मद्यपी." नंतर एक उठला, त्याचंही आडनाव मद्यपी. हा शब्द कासीमनं कधी ऐकलेला नव्हता. सगळे एकाच भावकीतले दिसतात, असं त्यानं मनाशी ठरवलं. परक्याच्या कार्यात घुसल्यासारखं त्याला वाटलं. त्याची पाळी आली तेव्हा तो अदबीनं उभा राहिला. "मी कासीम. नालबंद."

"नमस्कार, कासीम!"

कुणी हसलं नाही. फक्त मल्लप्पानं तोंडावर टॉवेल धरला.

मग मल्लप्पा बोलायला उठला आणि कासीमच्या हातातला चहा थंड होऊ लागला.

"माजं नाव मल्लप्पा. मी मद्यपी हाय. मी बसलिंगप्पांच्या गाडीवर व्हतो. बारा वरसं. त्येंचा कोसा बैल माज्या हातावर वाडला. लई गुनाचा. दोन वरसामागं हंगामात मी पिऊन गाडी हाकली आन कोसाला दगडावरनं घातला. पाय सुजला. खुरातनं पू आला. पत्री काडून बगितली तवा कळलं. पुना तो गाडीला चालला न्हाय. बसलिंगप्पांनी बाजारात इकला त्येला. कुनी घेतला, कशापायी घेतला, मी इचारलं न्हाय. इकायच्या आदी त्येंनी मला चावडीम्होरं बोलवलं आन कोसाचा पाय धरायला लावला. बैल म्हंजे नंदी, बसवण्णा, त्येचा पाय हाय, माफी माग म्हनले. समदं गाव व्हतं. माजी बायकू निंगव्वा व्हती. मी पाय धरला. कोसानं पाय काडून घेतला न्हाय. तसाच उबा ऱ्हायला." मल्लप्पानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "त्या दिसापास्नं मी थेंब घेतला न्हाय. आन बैलाच्या कासऱ्यालाबी हात लावला न्हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगेला माणूस डोळे पुसत होता.

कासीमनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या हातात ग्लास होता.

खिळा खुरात सरळ जातो, तेव्हा आवाज टणक येतो. वाकडा होऊन आतल्या जिवंत मांसाकडं वळला, तर आवाज मऊ होतो. ओल्या भिंतीत ठोकल्यासारखा. नालबंदाचा अर्धा धंदा कानात असतो. कोसाच्या उजव्या पायात खिळा ठोकताना मऊ आवाज आला होता आणि कासीमनं तो ऐकला होता. काढायला हवा होता. पण चिंचेखाली सहा बैल थांबले होते आणि कनवटीला बाटली होती. त्यानं आणखी दोन घाव घातले आणि खिळा आत बसवला. पाच दिवसांनी बसलिंगप्पांच्या गोठ्यात त्यानंच पत्री काढली, तेव्हा खिळ्यामागनं पू आला. खिळा त्यानं मुठीत धरला. मल्लप्पा गव्हाणीला टेकून उभा होता. सकाळीच प्यालेला.

"दगडावरनं घातलाय," कासीम म्हणाला होता. बस. एवढंच.

परतीच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसले. मल्लप्पानं वाटेत त्याला 'मद्यपी'चा अर्थ सांगितला आणि एक वाक्य शिकवलं, फक्त आजचा दिवस. जन्मभराचं बोलायचं नाही. आज घेणार नाही, एवढंच म्हणायचं.

कासीमनं घरी जाऊन तेच म्हटलं. "आजचा दिवस घेनार न्हाय."

सायराबानू भाकरी थापत होती. "आन उद्या?"

"उद्याचं उद्या."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "म्हंजे उद्यापास्नं चालू? हे शिकाया तिकीट काडून सोलापूरला ग्येला व्हता?"

त्यानं समजावून सांगितलं. तिला पटलं नाही, पण सकाळी तिनं डब्यावरनं उठून डबा उघडला.

हात मात्र ऐकत नव्हते. दारू होती तेव्हा हात स्थिर होते, शुद्धीवर आले तर थरथरत होते. आधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं कासीमला वाटलं. दोन दिवस त्यानं नुसते खूर तासले आणि ठोकायचं काम पुढं ढकललं. गाडीवान वैतागून शेजारच्या गावच्या नालबंदाकडं निघाले. तिसऱ्या दिवशी एक पत्री ठोकली. एका पायाला सकाळ गेली. घाम डोळ्यांत उतरला, हातोडी दोनदा अंगठ्यावर बसली. सायराबानू खिळे देत राहिली. दर घावाला कासीम कान देत होता आणि दर घावाला त्याला कोसा आठवत होता.

मल्लप्पा समोरच्या रस्त्यानं जायचा. एके काळी चार गावांत त्याच्यासारखा गाडीवान नव्हता. आता तो उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायचा. गाडी भरून दिली की बाजूला उभा राहायचा आणि बैल निघून जाईपर्यंत दुसरीकडं बघायचा. सिद्धलिंगप्पांना गाडीवान हवा होता. हंगाम लागल्यापासून ते त्याच्या मागं होते. "न्हाय जी," मल्लप्पा म्हणायचा, "मला बैल नगं. माज्या हातात बैल द्यू नगासा."

हे कासीमनं चिंचेखालनं ऐकलं.

पुढच्या रविवारी त्यानं राजशेखर सरांना जिन्यात गाठलं. नाव न घेता विचारलं, की एखाद्याचं आपण वाईट केलं असेल आणि त्याला ते माहीतच नसेल, तर काय करायचं.

सरांनी चष्मा पुसला. "सांगायचं. चूक कबूल करायची. फक्त सांगितल्यानं त्याला आणखी इजा होणार असेल, तर थांबायचं."

या शेवटच्या वाक्यात कासीमला बैलगाडी वळेल एवढी वाट दिसली. मल्लप्पा दोन वर्षं सुधारून राहिला तो कोसाच्या पायी. तो पायच काढून घेतला तर माणूस उभा कशावर राहणार? म्हणजे न सांगण्यात मल्लप्पाचंच भलं होतं. कासीमला इतकं हलकं वाटलं, की त्यानं त्या दिवशी दोन ग्लास चहा घेतला. तेवढ्यात सरांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी मल्लप्पाला दोन वर्षं पूर्ण होतात, पेढे आहेत, आणि गाववाला म्हणून कासीमनं दोन शब्द बोलावेत.

घरी येऊन कासीमनं बायकोला सगळं सांगितलं. कोसा, खिळा, मल्लप्पा आणि सरांचं शेवटचं वाक्य. मराठीत नाही, दखनीत, हळू आवाजात. सायराबानू वाकडे झालेले खिळे दगडावर ठोकून सरळ करत होती. तिचा हात थांबला नाही.

"त्याच्या भल्यासाठीच गप्प राहायचं म्हणतो," कासीम म्हणाला.

तिनं एक खिळा सरळ केला, डब्यात टाकला. दुसरा घेतला.

"मलाबी आईकू आला व्हता," ती म्हणाली. मराठीत.

"काय?"

"आवाज. त्या दिवशीचा. खिळा मीच दिल्ता की."

कासीमनं डब्यातला एक खिळा उचलला आणि परत ठेवला.

"मला वाटलं तुमी काडाल," ती म्हणाली. "मग वाटलं, काम ग्येलं तर खायाचं काय. मग निंगव्वा रडत घरी ग्येली, तवाबी मी दारातच व्हते." तिनं दगड बाजूला सारला. "दोन वरसं ती मला पान्यावर भेटती. बसवण्णाचा श्राप लागला आमाला, म्हनती. मी घागर भरती आन येती."

कासीमला जी वाट रुंद दिसली होती, ती तिथंच बंद झाली.

रविवारी दोघं गडी एकाच एसटीनं गेले. मल्लप्पानं धुतलेला सदरा घातला होता आणि कपाळाला ठसठशीत विभूती लावली होती. कासीमनं अक्कलकोट रोडच्या प्रत्येक थांब्यावर बोलायचं ठरवलं आणि प्रत्येक थांबा मागं टाकला. शेवटी शाळेच्या नळावर, चहाचे ग्लास विसळताना, तो म्हणाला, "मल्लप्पा, कोसाला तू न्हाय मोडलास."

"आँ?"

"खिळा माजा व्हता. मासात ग्येला. आवाज मऊ आला, मी आईकला. तरी ठोकला."

मल्लप्पा ग्लास विसळत राहिला. तोच ग्लास.

"दगडावरनं घातला व्हता मी," तो म्हणाला.

"घातलास ते तुला आठवतंय?"

"न्हाय. पिलो व्हतो. दगड तूच सांगितलास."

"व्हय."

नळ चालू होता. मल्लप्पानं तो बंद केला नाही. "पाय धरला की रे मी," तो हळूच म्हणाला. "गावाम्होरं. निंगव्वाम्होरं."

कासीमनं नळ बंद केला.

"आन मग दोन वरसं मी कशापायी सोडली?"

वरून सरांनी हाक मारली. "मल्लप्पा! या, सगळे थांबलेत!"

मल्लप्पा ओल्या हातानंच वर गेला. फळ्यावर खडूनं 'दोन वर्षे' लिहिलं होतं. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. तो उभा राहिला.

"माजं नाव मल्लप्पा. मी मद्यपी हाय."

"नमस्कार, मल्लप्पा!"

सगळे वाट बघत राहिले. ती गोष्ट त्यांना पाठ होती. कुठं डोळे पुसायचे तेही ठाऊक होतं. मल्लप्पा समोरच्या तक्त्याकडं बघत होता. बराच वेळ त्यानं 'रोज दात घासा' वाचलं.

"आज माज्याकडं सांगाया काय न्हाय," तो म्हणाला आणि खाली बसला.

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, आणि कधी थांबायचं ते न कळल्यामुळं जरा जास्तच वाजवल्या.

"कासीम," सर म्हणाले, "तुम्ही बोलता का दोन शब्द?"

कासीमला बाकातून निघायला वेळ लागला. गुडघा अडकला होता. "माजं नाव कासीम," तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "मी मद्यपी हाय."

"नमस्कार, कासीम!"

"मल्लप्पाच्या गोष्टीतला खिळा माजा हाय. दगड न्हवताच. मी खोटं बोललो. बैलाचा पाय मी धराया पायजे व्हता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली रस्त्यावर एक रिक्षा कर्कश्श वाजत गेली. मल्लप्पा उठला, चहाची किटली जागेवर ठेवली, पेढ्याला हात न लावता जिना उतरून गेला.

कासीम मागं धावला, पण गल्लीत तो दिसला नाही. एसटी स्टँडवर नव्हता. स्टँडसमोरच्या दारूच्या दुकानात कासीम दारातूनच डोकावला. आत मल्लप्पा नव्हता, वास होता. कासीम तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिला. मल्लप्पाला शोधायला उभा आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग मल्लप्पानंच शिकवलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत तो एसटीत जाऊन बसला. निंगव्वाच्या दाराला दिवेलागणीपर्यंत कुलूप होतं. नंतर ते उघडलं का, हे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

सकाळी चिंचेखाली तो खूर तासायचं हत्यार दगडावर लावत बसला होता. पावलं वाजली. बैलाची चार आणि माणसाची दोन. त्यानं वर पाहिलं.

मल्लप्पा होता. हातात कासरा होता आणि कासऱ्याला सिद्धलिंगप्पांचा पांढरा बैल. मागनं घोंगडं पांघरून खुद्द सिद्धलिंगप्पा.

मल्लप्पाचे डोळे लाल होते. कासीमनं नकळत नाक पुढं केलं.

"हुंगू नगंस," मल्लप्पा म्हणाला. "झोपलो न्हाय. नवी पेठेपास्नं पार रेल्वे पुलापतुर हिंडलो. रातच्या गाडीनं आलो. निंगव्वाला सांगितलं." तो थांबला. "ती तुज्या घराकडं तोंड करून लई बोलली. कन्नडात. बरं झालं तुला कळत न्हाय ते."

"न कळताबी कळलं मला," कासीम म्हणाला.

"दोर टाक."

मल्लप्पानंच बैल पाडला. दोन वर्षं हात लावला नव्हता, पण बैलाला दोर कुठं लागतो आणि हात कुठं ठेवायचा, हे त्याचे हात विसरले नव्हते. बैल धापकन न पडता अंथरुणावर टेकावा तसा टेकला. मल्लप्पा त्याच्या मानेपाशी बसला आणि त्याच्या कानामागं खाजवू लागला. खाजवता खाजवता त्याची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

कासीमनं जुनी पत्री काढली. खूर तासला. नवी पत्री बसवून बघितली आणि हात पुढं केला.

सायराबानूनं खिळा दिला नाही. मुठीत धरून बसली.

"आदी सांगा," ती म्हणाली आणि सिद्धलिंगप्पांकडं मान हलवली.

सिद्धलिंगप्पांना सांगणं म्हणजे गावाला सांगणं होतं. कासीमला ते कळत होतं. म्हणून तर त्याला आधी घोटभर पाणी प्यावं लागलं. मग त्यानं सांगितलं. टणक आवाज कसा असतो, मऊ कसा असतो, कोसाच्या पायात कुठला आला होता. सिद्धलिंगप्पांनी डोक्यावरचं घोंगडं मागं सारलं. दोन्ही कान उघडे केले.

"मग बसलिंगप्पास्नी मी सांगू, का तू सांगतूस?"

"मी सांगतो. येवडा बैल झाला की जातो."

"कोसाला तर आता काय सांगतूस," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

सायराबानूनं खिळा दिला.

"दर खिळ्याला सांगायचं," मल्लप्पा म्हणाला. "मोट्यानं."

कासीमनं घाव घातला. "टणक."

दुसरा. "टणक."

तिसरा वाकडा जाऊ लागला, त्यानं वेळीच सरळ केला. "टणक." घाम नाकाच्या शेंड्यावरनं खुरावर पडला. त्यानं मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरलं, सोडलं, चौथा खिळा घेतला. एक घाव. दुसरा घाव.

आवाज टणक नव्हता. मऊही म्हणता आला नसता. मधलाच कुठला तरी होता. सिद्धलिंगप्पांना कळला नव्हता. मल्लप्पाला कळणं शक्य नव्हतं. बैलानंही फक्त एक कान हलवला होता, आणि तो माशीसाठीही हलवतो. कासीमनं बायकोकडं पाहिलं. ती डब्यात बघत होती.

"मऊ," कासीम म्हणाला.

"काय म्हनलास?" सिद्धलिंगप्पा पुढं झाले. "माज्या बैलाला?"

"मऊ आला."

"काड," मल्लप्पा मानेपाशीच बसून म्हणाला.

कासीमनं सांडशीनं खिळा उपसला. टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका होता. तो त्यानं सिद्धलिंगप्पांना दाखवला, मल्लप्पाला दाखवला, मग बाजूला ठेवला. सायराबानूनं हळद-तेलाची वाटी सकाळीच आणून ठेवली होती. कासीमनं भोकात तेल सोडलं, थोडं बाहेर सांडलं.

"आता हिकडच्या बाजूनं," मल्लप्पा म्हणाला.

सायराबानूनं डब्यातनं दुसरा खिळा निवडला. उजेडाला धरून सरळ आहे का बघितला आणि पुढं केला. मल्लप्पानं बैलाचा कान सोडला आणि आपला कान खुराकडं आणला.

कासीमनं हातोडी उचलली.